इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट जिथे भेटतात तिथे काय घडतं, आणि ते मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीसाठी लिथियम-आयन बॅटरीतला इलेक्ट्रोड-इलेक्ट्रोलाइट इंटरफेस हा विषय मिळाला आहे. पण एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज), म्हणजे अॅनोडवर बसणारा तो पातळ थर, त्याची रचना प्रत्येक पेपरात वेगळी सांगितलेली दिसते. यातलं खरं काय धरायचं, हा थर नीट मोजायचा कसा आणि कामाला सुरुवात कुठून करायची?

पेपर एकमेकांशी जुळत नाहीत यात तुमच्या समजुतीचा दोष नाही. त्यातले बरेचसे आपापल्या जागी बरोबरच असतात. इलेक्ट्रोलाइटमध्ये मीठ कोणतं, पाणी किती पीपीएम, पहिलं चार्जिंग किती करंटनं आणि किती तापमानाला केलं, त्यानंतर सेल किती दिवस नुसता पडून होता, या सगळ्यांतून तो थर घडतो. एकाच ग्रॅफाइटवर, म्हणजे नेहमीच्या अॅनोडवर, दोन प्रयोगशाळांत दोन वेगळे थर तयार होऊ शकतात, आणि दोन्हीकडची माणसं आपापला थर प्रामाणिकपणे मोजत असतात. म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. थरात कोणकोणती संयुगं आहेत याच्या मागे लगेच लागू नका. आधी लिथियमचा हिशेब करायला शिका: किती गेलं, कोणत्या इलेक्ट्रोडमुळे गेलं, कोणत्या वेगानं जातंय. हा हिशेब पक्का असला की पुढची स्पेक्ट्रोस्कोपी कामाची ठरते.

मुळात हा थर लागतोच कशाला, तिथून सुरुवात करू. चार्ज झालेलं ग्रॅफाइट लिथियम धातूच्या तुलनेत साधारण 0.1 व्होल्टवर असतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये आपण वापरतो ती कार्बोनेट सॉल्व्हंट्स (द्रावक) 0.8 व्होल्टच्या आसपासच इलेक्ट्रॉन घेऊन मोडायला लागतात. म्हणजे थर्मोडायनॅमिक्सच्या दृष्टीनं चार्ज झालेला सेल टिकायलाच नको. तो टिकतो, कारण मोडलेल्या सॉल्व्हंटचा आणि मिठाचा काही भाग पृष्ठभागावर घट्ट बसतो. तो थर लिथियम आयनला वाट देतो आणि इलेक्ट्रॉनला अडवतो. लिथियम धातूवरच्या अशा थराला घन इलेक्ट्रोलाइट मानून त्याचं वागणं समजावलं ते इमॅन्युएल पेलेड यांनी, 1979 साली. एसईआय हे नावही तेव्हाचंच.

हा थर किती नाजूक गोष्टींवर ठरतो ते पाहायचं तर प्रॉपिलीन कार्बोनेट आणि इथिलीन कार्बोनेट शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही रेणूंत फरक फक्त एका मिथाइल गटाचा. दोन्हींची ध्रुवीयता भरपूर, दोन्हींत लिथियमचं मीठ उत्तम विरघळतं. पण प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये ग्रॅफाइट चार्ज करायला गेलात तर सॉल्व्हंट लिथियमबरोबर ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरतं, वायू सुटतो, पापुद्रे सुटे होतात आणि इलेक्ट्रोडचा भुगा होतो. इथिलीन कार्बोनेटमध्ये तसं होत नाही. 1990 मध्ये जेफ डान आणि त्यांचे सहकारी फाँग व फॉन साकेन यांनी दाखवलं, की त्यात पहिल्या चार्जिंगला थोडी क्षमता कायमची खर्च होते, थर बसतो, आणि त्यानंतर ग्रॅफाइट नीट चालतं. 1991 मध्ये बाजारात आलेल्या सोनीच्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत अॅनोडला ग्रॅफाइट नव्हतं, कमी सुव्यवस्थित रचनेचा कार्बन होता. इथिलीन कार्बोनेट साधारण 36 अंशांना वितळतं, म्हणजे नेहमीच्या तापमानाला ते घनच. तरीही ते सोडायचं नाही म्हणून त्यात डायमिथाइल कार्बोनेट किंवा इथाइल मिथाइल कार्बोनेट घालून पातळ करायची पद्धत पडली. द्रवाची वाहकता मोजून हा फरक कधीच कळला नसता. तो पृष्ठभागावरच आहे.

आता हिशेब. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला 372 मिलिअँपिअर-तास. पहिल्या चार्जिंगमध्ये साधारण 5 ते 10 टक्के लिथियम थरात अडकतं आणि परत येत नाही. ते एकदाच होत असतं तर प्रश्न नव्हता. पण थर वाढतच राहतो, पुढे पुढे हळू, बऱ्याचदा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. प्रत्येक सायकलला 99.9 टक्के लिथियम परत येतं असं धरा. आकडा ऐकायला चांगला आहे, पण 1000 सायकलनंतर उरतं सुमारे 37 टक्के. 99.99 टक्के असेल तर सुमारे 90 टक्के उरतं. 1000 सायकलला 80 टक्के क्षमता हवी असेल तर प्रत्येक सायकलची कूलॉम्बिक कार्यक्षमता (म्हणजे घातलेल्या चार्जपैकी परत मिळणारा भाग) जवळजवळ 99.98 टक्के लागते. साध्या सायकलरची, म्हणजे सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राची, स्वतःची चूक पुष्कळदा याहून मोठी असते. डान यांच्या गटानं अतिअचूक चार्जर स्वतः उभारले ते यासाठीच. कोणी तिसऱ्या दशांशापर्यंत कार्यक्षमता छापली असेल, तर आधी त्यांच्या उपकरणाची करंट मोजण्याची अचूकता शोधा.

इथे एक सापळा आहे आणि नवे विद्यार्थी त्यात हमखास सापडतात. कॉइन सेलमध्ये, म्हणजे प्रयोगासाठीच्या नाण्याच्या आकाराच्या सेलमध्ये, समोर लिथियमची चकती लावलेली असते. त्या चकतीत लिथियम इतकं जास्त असतं की ग्रॅफाइटवर कितीही वाया गेलं तरी क्षमता उतरलेली दिसत नाही. ‘500 सायकलनंतर 98 टक्के क्षमता शिल्लक’ हे वाक्य अशा अर्ध्या सेलवरून लिहिलं असेल तर त्यातून थराबद्दल फारसं काही कळत नाही. शिवाय त्या चकतीवर स्वतःचा ऑक्साइड-कार्बोनेटचा थर असतो, ती इलेक्ट्रोलाइट स्वतः खाते आणि तिथे बनलेले पदार्थ विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर येतात. थराच्या आयुष्याबद्दल बोलायचं असेल तर पूर्ण सेल करा, जिथे लिथियम फक्त कॅथोडमधून येतं आणि मोजकं असतं.

पूर्ण सेलच्या पहिल्या चार्जिंगमध्ये काय पाहायचं ते जरा जवळून सांगतो, कारण एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी मोजणी दुसरी नाही. चार्जिंग अगदी सावकाश करा, म्हणजे 20 तासांत पूर्ण होईल अशा करंटनं किंवा त्याहून हळू. व्होल्टेजच्या प्रत्येक छोट्या टप्प्यात किती चार्ज गेला त्याचा आलेख काढा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड) आणि ग्रॅफाइटच्या सेलमध्ये, ग्रॅफाइटमध्ये खरं लिथियम शिरायला लागण्याआधी, 3 व्होल्टच्या आसपास एक छोटा उंचवटा दिसतो. तो इथिलीन कार्बोनेट मोडण्याचा. आता त्याच इलेक्ट्रोलाइटमध्ये 2 टक्के विनायलीन कार्बोनेट हे पूरक द्रव्य घाला. ते आधी, म्हणजे कमी सेल-व्होल्टेजला मोडतं, आणि इथिलीन कार्बोनेटचा उंचवटा खुजा होतो किंवा नाहीसा होतो. वायू मोजायची सोय असेल तर इथिलीन वायू कमी झालेला आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसेल. एका आलेखावरून तुम्हाला कळलं की थर आता दुसऱ्याच रेणूपासून बनतो आहे. यासाठी सेल उघडावा लागला नाही.

सेल उघडायचाच तर ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा आणि ओलावा नसलेल्या बंद पेटीत), आणि आधी डोळ्यांनी पाहा. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट सोनेरी दिसतं, अर्धवट भरलेलं तांबूस, त्याहून कमी असेल तर निळसर काळं. सोनेरी पत्र्याच्या मध्येच तांबडे डाग असतील तर तिथे लिथियम नीट पोचलंच नाही. कडेला राखाडी, मळकट पट्टा दिसला तर लिथियम धातू साठलेला असण्याची शक्यता मोठी. हे निरीक्षण लिहून, फोटो काढून ठेवा, आणि मगच नमुना कापा. एक्सपीएसला (क्ष-किरणांनी पृष्ठभागाची रचना पाहणाऱ्या तंत्राला) दिलेला 5 मिलिमीटरचा तुकडा सोनेरी भागातला होता की राखाडी, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

एक्सपीएसबद्दल मला थोडं कठोर बोलायचं आहे. हे तंत्र उत्तम आहे, पण त्याला दाखवलेला थर सेलमध्ये काम करत असलेला थर नसतो. तो डायमिथाइल कार्बोनेटनं धुतलेला असतो, आणि धुताना विरघळणारा भाग निघून गेलेला असतो. धुतला नाही तर वर मीठ वाळलेलं राहतं. मग निर्वात, मग क्ष-किरण, मग खोलीनुसार रचना पाहायची म्हणून आर्गॉनचा मारा. उरलेल्या लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचं, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाचं, या माऱ्यात लिथियम फ्लुओराइड बनतं, आणि पेपरात ‘आतला थर लिथियम फ्लुओराइडनं समृद्ध’ असं वाक्य येतं. ते खरंही असू शकतं. पण मारा न केलेला नमुना, वेगवेगळा वेळ धुतलेले नमुने आणि नुसत्या इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला, कधीच चार्ज न केलेला इलेक्ट्रोड, एवढं शेजारी ठेवल्याशिवाय मी ते मान्य करणार नाही. लिथियम फ्लुओराइड जास्त म्हणजे थर चांगला, हे समीकरण सध्या फार सैल हातानं वापरलं जातं. पाण्यामुळे मीठ मोडून हायड्रोजन फ्लुओराइड तयार झालं, तरीही पृष्ठभागावर लिथियम फ्लुओराइडच साठतं, आणि तो सेल चांगला नसतो.

मग थरात आहे तरी काय? साधारण चित्र असं की इलेक्ट्रोडच्या लगत लिथियमचे ऑक्साइड, फ्लुओराइड, कार्बोनेट असे अजैविक कण, आणि द्रवाच्या बाजूला सैलसर सेंद्रिय पदार्थ. पेलेड आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलेलं मोझेइक प्रारूप, म्हणजे निरनिराळ्या कणांचे तुकडे एकमेकांना खेटून बसलेले, हे आजही विचार करायला सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्यात कणांमधल्या सीमा येतात आणि आयन बहुधा तिथूनच जास्त सहज जातात. सेंद्रिय भागात लिथियम इथिलीन डायकार्बोनेट मुख्य असं वर्षानुवर्षं धरलं गेलं. 2019 मध्ये शुद्ध संयुगं बनवून, त्यांच्याशी ताडून, मुख्य घटक मोनोकार्बोनेट असावा असा दावा झाला. इतक्या पायाभूत गोष्टीवर इतक्या उशिरा वाद होऊ शकतो, कारण ही संयुगं हवेतल्या ओलाव्यानं आणि मोजणीच्या किरणांनीही बदलतात. 2017 मध्ये यी चुई यांच्या गटानं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं गोठवलेल्या लिथियमवरचा थर अणूंच्या पातळीवर दाखवला. 2022 मध्ये त्याच गटानं आसपासच्या इलेक्ट्रोलाइटसकट गोठवलेला नमुना पाहिला, तेव्हा थर इलेक्ट्रोलाइट पिऊन फुगलेला निघाला. वाळवलेल्या थराची जाडी मोजून त्यावरून वाहकता काढणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचायला हवा.

आयन थरातून कसा जातो, यापेक्षाही कमी लक्ष दिलं जातं ते तो थरात शिरतो कसा याकडे. द्रवात लिथियम आयनभोवती सॉल्व्हंटचे सुमारे चार रेणू असतात. ते सोडल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि ताकेशी आबे, झेम्पाची ओगुमी, कांग शू यांच्या कामातून दिसतं की हे सोडणंच बऱ्याचदा सगळ्यात महागाचं पडतं. ग्रॅफाइटवर ही सक्रियण ऊर्जा मोलला 50 ते 70 किलोज्यूल येते. द्रवातल्या वहनाची धरा 15 किलोज्यूल. आता 25 अंशांवरून शून्यावर या. द्रवाचा रोध पावणेदोन पटीच्या आसपास वाढतो. पृष्ठभागाचा, 60 किलोज्यूल धरले तर, नऊ पट. थंडीत वेगानं चार्ज केल्यावर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी वर धातू म्हणून का बसतं, त्याचं मोठं कारण या एका हिशेबात आहे. इलेक्ट्रोलाइट गोठला नाही म्हणून सेल थंडीत चालेल असं समजू नका.

इम्पीडन्समध्ये, म्हणजे निरनिराळ्या वारंवारतेच्या करंटला होणारा रोध मोजताना, आलेखात अर्धवर्तुळ दिसलं की त्याला ‘एसईआयचा रोध’ नाव देऊन मोकळं व्हायची घाई करू नका. दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये अॅनोड आणि कॅथोड दोघांचे अर्धवर्तुळ एकमेकांवर चढलेले असतात, आणि पुरेसे घटक असलेलं समतुल्य सर्किट कशालाही बसतं. दोन सारखे सेल अर्धे चार्ज करून उघडा, त्यांच्या दोन अॅनोडचा एक आणि दोन कॅथोडचा एक असे सममित सेल जोडा. मग कोणता भाग कोणाचा ते स्वच्छ दिसतं. तिसरा संदर्भ इलेक्ट्रोड लावणं हा दुसरा मार्ग. तो नीट बसवणं कौशल्याचं काम आहे. त्यानंतर तापमान आणि चार्जची पातळी बदलून पाहा. थरातून जाण्याचा रोध चार्जच्या पातळीनुसार फारसा हलत नाही, चार्ज हस्तांतरणाचा हलतो. एवढ्या कसोटीवर कित्येक अर्थ आपोआप गळून पडतात.

कॅथोडची बाजू स्वतंत्र समजू नका. भरपूर निकेल असलेल्या एनएमसीतून साधारण 80 टक्के लिथियम काढल्यावर जाळीतला ऑक्सिजन सुटायला लागतो, पृष्ठभाग मिठाच्या खड्यासारख्या घट्ट रचनेत बदलतो आणि तिथून लिथियमला वाट अवघड होते. मँगनीजच्या कॅथोडमधून मँगनीज विरघळतं, इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे जातं आणि ग्रॅफाइटवरच्या थरात शिरून तो बिघडवतं. म्हणजे बिघाड दिसतो अॅनोडवर, उगम असतो कॅथोडवर. अॅल्युमिनासारख्या पातळ लेपाचा फायदा होतो तेव्हा लेपानं थेट काय केलं, की त्यानं फक्त हायड्रोजन फ्लुओराइड टिपून घेतलं, हा प्रश्न दरवेळी विचारावा लागतो.

घन इलेक्ट्रोलाइट आला की इंटरफेसची कटकट संपेल असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. 2011 मध्ये रयोजी कान्नो यांच्या गटानं जर्मेनियम असलेला सल्फाइड घन इलेक्ट्रोलाइट दिला, त्याची वाहकता सेंटिमीटरला 12 मिलिसीमेन्स, द्रवाच्या बरोबरीची. पण लिथियमला टेकताच तो मोडतो आणि बनणाऱ्या पदार्थांतून इलेक्ट्रॉनही जातो, त्यामुळे मोडणं थांबत नाही. 2007 चं गार्नेट, म्हणजे ऑक्साइडचा घन इलेक्ट्रोलाइट, लिथियमपुढे बरंच टिकतं, पण हवेत त्यावर लिथियम कार्बोनेट बसतं आणि मग लिथियम त्याला चिकटत नाही. शिवाय लिथियम काढून घेताना सीमेवर पोकळ्या पडतात, संपर्काचं क्षेत्र घटतं, उरलेल्या ठिकाणी करंट एकवटतो. द्रव निदान फटीत शिरतो, घन शिरत नाही. रसायनाबरोबर तुम्हाला यांत्रिकीही शिकावी लागेल. सोडियमकडे वळणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, की तिथला थर जास्त विरघळतो, म्हणून सायकल चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांपेक्षा सेल पडून असताना काय होतं ते आधी पाहायचं.

गणनेच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. सुट्या रेणूच्या होमो-लुमो पातळ्या (इलेक्ट्रॉन असलेली सगळ्यात वरची आणि रिकामी सगळ्यात खालची ऊर्जापातळी) काढून सॉल्व्हंटची स्थिरता ठरवण्याची सवय पडली आहे. 2018 मध्ये पेल्यो आणि जिरो यांनी स्पष्ट दाखवलं, की या पातळ्या म्हणजे रेडॉक्स विभव (रेणू प्रत्यक्ष ज्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो ते) नाहीत. मीठ, शेजारचे रेणू आणि मोडल्यानंतरची उत्पादनं धरूनच विभव काढायला हवं.

सुरुवात कशी कराल? एकच साधी प्रणाली घ्या: एनएमसी-ग्रॅफाइट, इथिलीन कार्बोनेट आणि इथाइल मिथाइल कार्बोनेटमध्ये एक मोलर लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. प्रत्येक वेळी कार्ल फिशर टायट्रेशननं पाणी मोजा, इलेक्ट्रोलाइट वजनानं घाला, इलेक्ट्रोड निर्वातात गरम करून वाळवा, आणि प्रत्येक अटीचे किमान तीन सेल करा. तीन सेलमधला फरक तुमच्या निकालाएवढाच असेल तर निकाल नाही असं समजा आणि सेल जोडणीवर परत या. मग फक्त एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ विनायलीन कार्बोनेट. चार्जिंगचे आलेख, सममित सेलचा इम्पीडन्स, 40 अंशांना चार्ज करून ठेवलेल्या सेलचं उतरणारं व्होल्टेज, ठेवल्यानंतर परत मिळणारी आणि न मिळणारी क्षमता, असं सगळं एकाच मालिकेवर करा. प्रत्येक सायकलला चार्जचा शेवट आणि डिस्चार्जचा शेवट क्षमतेच्या अक्षावर किती सरकतो तेही नोंदवा: पहिला मुख्यतः कॅथोडवरच्या ऑक्सिडीकरणाबद्दल सांगतो, दुसरा अॅनोडवर गेलेल्या लिथियमबद्दल. ही मालिका हातात आली की एक्सपीएस किंवा एनएमआरला (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुनादाच्या तंत्राला) नेमका कोणता प्रश्न विचारायचा ते तुम्हाला आपोआप सुचेल.

विषयाची निवड अजून मोकळी असेल तर मी सिलिकॉन घेईन, आणि त्यातही सायकलिंग सोडून पडून असलेला सिलिकॉन सेल. सिलिकॉनची क्षमता ग्रॅमला सुमारे 3579 मिलिअँपिअर-तास, पण पूर्ण भरताना आकारमान जवळजवळ चौपट होतं, थर तडकतो आणि नव्या पृष्ठभागावर पुन्हा बसतो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर भरपूर काम झालं आहे. पण चार्ज करून ठेवलेलं, अजिबात न हलणारं सिलिकॉनसुद्धा लिथियम गमावत राहतं. तिथे तडे जाण्याचं कारण देता येत नाही. इलेक्ट्रोलाइटमधलं फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट हे पूरक द्रव्य असेपर्यंत थर कसा टिकतो, ते संपल्यावर गळतीचा वेग बदलतो का, गळती थर विरघळल्यामुळे की इलेक्ट्रॉन झिरपल्यामुळे, हे वेगवेगळं काढता येईल असे प्रयोग कॉइन सेल, चांगला सायकलर आणि तापमान नियंत्रित कपाट एवढ्यावर सुरू करता येतात. पहिल्या वर्षी 25, 40 आणि 55 अंशांना, चार्जच्या तीन पातळ्यांवर, फ्लुओरोइथिलीन कार्बोनेटच्या दोन प्रमाणांसह ही मालिका लावा आणि दर महिन्याला प्रत्येक सेलची क्षमता तपासा.